अक्कांचा सा

आमच्या घरी आरतीच्या वेळी माझ्या हातात झांजा देतात. हात गुंतलेले असले की माणूस तोंड उघडायचं विसरतो, असा आमच्या हिचा हिशेब. मुलांचीही समजूत अशी की बाबांचा गळा देवानं मफलर गुंडाळण्यापुरताच दिलाय. मी वाद घालत नाही. ज्यानं भर दुपारी, दिल्लीहून आलेल्या समितीसमोर, निव्वळ आपल्या बेसूरपणाच्या जोरावर एक अख्खा कॉम्प्युटर मोडीत जाण्यापासून वाचवला, त्यानं झांजांवरून घरात भांडू नये.

अर्थात ही गोष्ट माझी नाहीच. अक्कांची आहे.

त्या माझ्या कुणी नात्यातल्या नव्हत्या. साठीच्या दशकाच्या अखेरीला मी बेळगावहून बेंगळूरला एका संस्थेत नोकरीला लागलो, तिथल्या गणिती विभागाच्या त्या प्रमुख. दारावरच्या शिपायापासून संचालकांपर्यंत सगळे त्यांना अक्काच म्हणत. त्यांचं घराणं मूळचं मराठी, पण बेंगळुरात इतक्या पिढ्या मुरलेलं की घरात मराठी बोलता बोलता कानडी कधी सुरू व्हायची ते त्यांनाही कळत नसे. 'थोडं' हा शब्द त्यांच्या तोंडी मी कधी ऐकला नाही, नेहमी 'स्वल्प'. आणि 'सरी', म्हणजे 'ठीक', म्हणाल्या की विषय संपला, मग समोर कुणीही असो.

मल्लेश्वरमला भावाच्या घरी राहायच्या. तिथून छत्री घेऊन चालत यायच्या, आणि ती छत्री यंत्राच्या खोलीतही हातात असे, कारण दिवे दाखवायला त्यांना काहीतरी लांब लागे. संस्थेत ती एकच खोली वातानुकूलित. अक्का तिथं सुती लुगड्यावर भावाचा जुना लोकरी कोट चढवून बसत. पाहुणे आले की आधी कोटाकडे बघत, मग यंत्राकडे, आणि दोन्हींत जास्त नवल कशाचं ते ठरवण्यात त्यांचा वेळ जाई.

मुलाखतीत त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा: "सा लाव."

मी बेळगावचा. आमच्याकडे घराघरांत गाणं, फक्त आमचं घर सोडून. तरी लावला.

अक्कांनी डोळे मिटून ऐकला आणि म्हणाल्या, "हा सा नव्हे रे. ही तक्रार आहे."

मग पाढे विचारले. पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी. ते मी धडाधड म्हटले. आमच्या मास्तरांनी ते छडीच्या तालावर शिकवले होते, त्यामुळे झोपेतही चुकायची सोय नव्हती. अक्का म्हणाल्या, "सरी. उद्यापासून ये." माझं नाव त्यांनी तेव्हा विचारलं नाही आणि नंतरही कधी वापरलं नाही. मी होतो बेळगाव. "ए बेळगाव, टेप आण. ए बेळगाव, बोटं धुतलीस का?" पुढं माझं लग्न झालं, बायको धारवाडची, तर ती झाली धारवाड. आमच्या मुलाच्या बारशाला त्या आल्या आणि पाळण्यात वाकून म्हणाल्या, "हे कुठलं गाव?"

मोजायच्या आठच्या हिशेबात. त्यांचं म्हणणं, माणसाला मोजायला बोटं आठच. अंगठे हे साहेबलोक, ते नुसते बाजूला उभे राहतात. यंत्रही आठच्याच हिशेबात चाले, शून्य ते सात, त्यामुळे त्यांचं आणि त्याचं जमत असे. वयही त्या त्याच हिशेबानं सांगत, आणि त्या हिशेबात वय वाढतं: सहा आठे अठ्ठेचाळीस, लिहायचे साठ. अठ्ठेचाळिशीची बाई बेलाशक आपलं वय साठ सांगते आणि समोरच्याच्या तोंडावरचं आश्चर्य मजेत बघते, हे मी दुसरीकडे कुठं पाहिलेलं नाही.

आता यंत्राविषयी सांगायला हवं, नाहीतर आमची मुलं म्हणतील, बाबा नेहमीप्रमाणं मुद्दा सोडून बोलले.

ते यंत्र परदेशातून आणलेलं नव्हतं. आमच्याच इंजिनिअरांनी ट्रान्झिस्टर जोडून जोडून ते उभं केलं होतं. लोखंडी कपाटांची एक रांग, समोर दिव्यांची पाटी, पाटीखाली खटके. बाजूला भोकं पाडलेली कागदी टेप वाचणारं एक उपकरण, आणि एक टेलिप्रिंटर. यंत्र नवं आणि म्हणून कोरं. नव्या माणसाला अक्का ते असं समजावत: "पोराला गिळायला कुणी शिकवत नाही. याला तेही शिकवावं लागतं."

त्याला गिळायचं होतं ते 'मॉनिटर'. आजची मुलं ज्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात, त्याचाच हा पणजोबा. अक्कांच्या भाषेत, मास्तर वर्गात नसताना पोरांना ओळीत बसवणारा तो मॉनिटर. तो एकदा यंत्रात बसला की पुढची सगळी कामं तो बघे. तो होता एका लांबलचक टेपेवर, अक्कांनी स्वतः लिहिलेला. पण टेप वाचायची असते हेच यंत्राला ठाऊक नाही. तेव्हा 'वाच, ठेव, पुढचं वाच' एवढी अक्कल देणाऱ्या थोड्या आज्ञा आधी हातानं, खटके दाबून, यंत्रात भरायच्या. मग टेप लावायची. टेप सरसर आत जायची, आणि शेवटी टेलिप्रिंटर खडखडून 'रेडी' असं छापायचा. कुणाचा प्रयोग फसून यंत्रातलं सगळं पुसलं गेलं की पुन्हा पहिल्यापासून.

या आज्ञा आकड्यांत. चार आकड्यांचा एक शब्द, शब्द झाला की एक मोठा खटका ओढायचा. दुसरा कुणी असता तर त्यानं कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं असतं. अक्कांनी त्यांना चाल लावली.

मी गंमत करत नाही. आकडे शून्य ते सात. सूर सात. शून्याला गप्प बसायचं, एकला सा, दोनला री, तीनला गा, असं सातला नी पर्यंत. चार सूर झाले की मांडीवर टाळी, ती टाळी म्हणजे मोठा खटका. मल्लेश्वरमच्या गल्लीगल्लीत संध्याकाळी पोरी व्हायोलिन आणि वीणा घेऊन जशी सूरवळणं घोटतात, तशी ही आमची वळणं. कागद हरवतो, अक्का म्हणत, कागदावर कॉफी सांडते. गळ्यातलं कुठं जात नाही.

त्यांचा कान मात्र खरोखर तयार. यंत्राच्या मागं एक भलामोठा ट्रान्सफॉर्मर सारखा घुमत असे. आम्हाला तो नुसता घूं घूं, अक्कांना तो तंबोरा. त्या आपला सा त्याच्यावरूनच घेत. एखाद्या सकाळी दारात पाऊल टाकताच थबकत आणि म्हणत, "आज श्रुती उतरली आहे. यंत्र लावू नका." इंजिनिअर हसत, मग मीटर बघत, मग हसायचं थांबत. वीजच मंदावलेली असे.

तर पद्धत अशी पडली की अक्का कोट घालून खुर्चीत बसून गाणार, आणि मी पाटीसमोर उभा राहून खटके दाबणार. त्या सूर लावणार, तो ओळखून मी आकडा लावणार. यात अडचण एकच होती. मला सूर ओळखू येत नव्हता. मला सा आणि री यांच्यात तेवढाच फरक कळे जेवढा दोन जुळ्या भावांत पाठीमागून कळतो. पहिल्या आठवड्यात मी त्यांनी फळ्यावर काढून दाखवलेले आकडे पाढ्यासारखे पाठ करून टाकले. त्या गात, मी मनात 'पाच शून्य एक दोन' करत दाबत असे, यंत्र रेडी होत असे, आणि अक्का म्हणत, "बघ, कान तयार होतोय." इतक्या आनंदानं म्हणत की मी खुलासा केला नाही. मुकाट्यानं कौतुक घेतलं. असं कौतुक मला संगीतात पुन्हा मिळणार नव्हतं.

आम्ही तेव्हा जयनगरला बिऱ्हाड केलं होतं. जयनगर म्हणजे त्या वेळी गावाचं टोक. बस तिथं येऊन दम टाकी. एका रविवारी अक्का जेवायला आल्या आणि स्वयंपाकघरात पाटावर बसून त्यांनी धारवाडला, म्हणजे आमच्या हिला, ती सगळी चाल शिकवली. हिचा गळा मुळातच तयार. एकदा ऐकलं आणि पोळ्या लाटता लाटता आख्खं म्हणून दाखवलं. अक्का माझ्याकडं वळून म्हणाल्या, "ऐक, ऐक. शेवट किती गोड करते बघ. असं घरी येऊन टेकल्यासारखं वाटायला पाहिजे."

मी ऐकलं. मला ते बेंगळूरच्या पाण्याच्या मोटारीसारखं वाटलं. पण मान डोलावली. त्यानंतर किती तरी दिवस आमच्या घरी पोळ्या या कॉम्प्युटरच्या चालीवर होत होत्या.

आणि मग समिती आली.

प्रश्न साधा होता. आमचं घरी बांधलेलं यंत्र पुढं चालवायचं, की ते मोडून सुटे भाग करायचे आणि परदेशी तयार यंत्र मागवायचं. दिल्लीचा कल दुसऱ्या पर्यायाकडे होता. संचालकांनी आम्हाला बोलावून सांगितलं की यंत्र त्यांच्यासमोर कोऱ्या अवस्थेतून चालू होऊन दाखवलं पाहिजे. नाही झालं, तर महिनाभरात कपाटं रिकामी होतील. अक्कांनी ऐकून घेतलं. इतकी वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं. मुलींच्या कॉलेजातली बरी नोकरी सोडून त्या या कपाटांपाशी आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "सरी. होईल."

"आणि अक्का," संचालक म्हणाले, "त्यांच्यासमोर गाणं नको."

"का?"

"कृपा करा."

अक्कांनी छत्रीचं टोक जमिनीवर आपटलं. मग म्हणाल्या की गायचं नसेल तर त्या स्वतः खटक्यांवर बसतील आणि मनात गातील. न गाता बेळगावला कळणार कसं?

मला कळलं असतं. पण त्या वेळी ते सांगायचं सुचलं नाही.

समितीत तिघं होते. अध्यक्ष दिल्लीचे, कोरड्या चेहऱ्याचे, हातातलं घड्याळ वारंवार बघणारे. एक मद्रासचे वयस्कर गृहस्थ, कपाळावर गंध. तिसरे कोण होते ते आता आठवत नाही, ते बोललेच नाहीत. अक्का कोट घालून पाटीसमोर बसल्या. कोटाकडं बघून झालं. यंत्र पुसून कोरं केलं. अक्कांनी ट्रान्सफॉर्मरकडे कान दिला, डोळे अर्धे मिटले, आणि त्यांची बोटं चालायला लागली. एखादी वीणा वाजवणारी बाई बघावी तशी. चार, खटका. चार, खटका. शेवटचा खटका तर त्यांनी असा सोडला की मद्रासच्या गृहस्थांची मान हलली.

टेप लागली. सरसर, सरसर, सगळी आत गेली. दिवे नाचले. टेप संपली, टोक फडफडलं, आणि टेलिप्रिंटर गप्प.

अक्कांनी टेप परत गुंडाळायला लावली, यंत्र पुसलं, पुन्हा पहिल्यापासून. तीच बोटं, तोच डौल. टेप सरसर आत. टेलिप्रिंटर गप्प. सबंध मॉनिटर गिळून यंत्रानं ढेकर म्हणून दिला नाही.

आमचे मुख्य इंजिनिअर स्क्रू ड्रायव्हर घेऊन कपाटाकडं निघाले. कपाट उघडलं की कारभार आटोपला, हे खोलीतल्या प्रत्येकाला कळत होतं. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं आणि संचालकांना इंग्रजीत म्हणाले की त्यांना पुरेसं कळलं आहे, जेवण कुठं आहे.

"स्वल्प थांबा," अक्का म्हणाल्या. अध्यक्षांना कानडी येत नव्हती, पण ते थांबले. इंजिनिअरही थांबले. "कपाटाला हात लावू नका. यंत्राला काही झालेलं नाही, श्रुती चांगली आहे. ए बेळगाव. तू बस."

मी बसलो. अक्का माझ्या मागं उभ्या. त्यांनी संचालकांकडे बघितलं, संचालकांनी मान हलवली, गाणं नाही. तेव्हा मी माझंच सुरू केलं. भीतीनं मनातलं तोंडात आलं. बेळगावच्या शाळेतला तो पाढ्यांचा एकसुरी रेकणारा आवाज, छडीच्या तालावर, मी त्या थंड खोलीत लावला. माझ्या आयुष्यातली ती एकमेव जाहीर बैठक. शेवटचा शब्द आला, पाच शून्य एक दोन, मी खटका ओढला.

"थांब," अक्का म्हणाल्या. "शेवटी काय दाबलंस?"

"पाच शून्य एक दोन."

"एक एक."

"नाही अक्का. एक दोन."

"मी रोज काय गाते?"

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "ते मला कसं कळणार, अक्का? मी कधी ऐकलंच नाही. मी पाढा म्हणतो."

मग ओठांतल्या ओठांत त्यांनी शेवट गुणगुणला, पा, गप्प, सा, आणि तिथं त्यांचा आवाज अडला. मी त्यांचा चेहरा बघत होतो. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्या स्वतःचं गाणं ऐकत होत्या.

"सरी," त्या म्हणाल्या. "टेप लाव."

टेप सरसर आत गेली. टोक फडफडलं. आणि टेलिप्रिंटर खडखडला. रेडी.

संचालकांनी सोडलेला श्वास कपाटामागच्या इंजिनिअरांनाही ऐकू गेला असेल. अध्यक्षांनी विचारलं, मग आधी दोनदा काय झालं होतं? संचालक चटकन म्हणाले की व्होल्टेजचा काहीतरी प्रकार असावा. सुटायला चांगली वाट होती. अक्कांनी ती घेतली नाही.

"व्होल्टेज ठीक होतं," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "यंत्रानं मी सांगितलं तेच केलं. मी चुकीचं सांगितलं." आणि त्यांनी समजावून दिलं. शेवटची आज्ञा म्हणजे 'अमुक घरात परत जा', घर म्हणजे यंत्रात एकेक आज्ञा ठेवायचा क्रमांकाचा खण. घर एक-दोन म्हटलं तर यंत्र पुढचं अक्षर वाचून पुढं ठेवतं. घर एक-एक म्हटलं तर ते दर वेळी पहिल्या ओळीवरच जाऊन बसतं. म्हणजे शाळेतल्या पाटीवर ओळ एकच, आणि सगळं पुराण तिच्यावरच गिरवलेलं. टेप सगळी वाचली, राहिलं शेवटचं अक्षर.

अध्यक्षांना ते पटलं नाही. ज्या बाईंनी हे स्वतः लिहिलं, त्या एकदा नाही, दोनदा, अगदी तिथंच चुकतील? त्यांच्या मते आम्ही यंत्राचा दोष पोटात घालत होतो.

अक्कांनी संचालकांकडं बघितलं. संचालकांनी डोळे मिटून घेतले. ती परवानगी आहे असं अक्कांनी धरलं.

मग त्या गायल्या. छत्री भिंतीला टेकवून, कोटाची बटणं लावून, ट्रान्सफॉर्मरच्या श्रुतीवर, पहिल्या आज्ञेपासून. खरं सांगतो, मला गाण्यातलं कळत नाही, पण खोलीतली माणसं बदलताना दिसली. मद्रासच्या गृहस्थांनी मांडीवर ताल धरला. न बोलणारे तिसरे खुर्चीत पुढं सरकले. अध्यक्षांचं बोट टेबलावर हलायला लागलं. चार, टाळी. चार, टाळी. शेवट आला. पा. गप्प. सा. री.

आणि अक्का री वर थांबल्या. हात अधांतरी.

ट्रान्सफॉर्मर घुमत होता. अक्का हलल्या नाहीत. खोलीत कुणीच हललं नाही. अखेर अध्यक्षांच्या, त्या दिल्लीच्या कोरड्या माणसाच्या, घशातून आपोआप एक बारीकसा सा बाहेर आला.

"बघितलंत, सर?" अक्का म्हणाल्या. "तुम्हीही चुकलात."

मद्रासचे गृहस्थ हसले ते डोळे पुसेपर्यंत हसले. अध्यक्ष हसले नाहीत, पण घड्याळही त्यांनी पुन्हा बघितलं नाही. जेवताना त्यांनी अक्कांना शेजारी बसवून घेतलं, आणि दिल्लीला परतण्यापूर्वी संचालकांना सांगितलं की यंत्र राहू द्या, ते बाकीच्यांपेक्षा प्रामाणिक दिसतं.

घरी येऊन मी हिला सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. तिनं चाल शेवटपर्यंत म्हटली, री वर थांबायचा प्रयत्न केला, आणि लाटणं खाली ठेवलं. म्हणाली, असं कुणी अर्ध्या जिन्यात उभं राहतं का?

दुसऱ्या दिवशी मी संस्थेत पोचलो तर अक्का आधीच आलेल्या, कोट घालून, फळ्यासमोर. त्यांनी स्वतःचा गळा बदलायचा विचार क्षणभरही केला नव्हता. त्यांनी यंत्रातल्या आज्ञा एकेक घर मागं सरकवल्या होत्या. आता परत जायचं घर होतं एक-एक. चाल सा वर येऊन टेकत होती. इंजिनिअर ऐकून खूश, शिपाई खूश. जो तो ते गुणगुणत होता.

मी पाटीसमोर उभा राहिलो. अक्का गायला लागल्या, माझी बोटं चालायला लागली. टेप लावली. टेप जागची हलेना.

मी दिव्यांकडं बघितलं. पाच, शून्य, एक, दोन. पाढा तो पाढा.

मागून छत्रीचं टोक माझ्या खांद्याला लागलं.

"आता यंत्रसुद्धा सुरात आलं रे, बेळगाव," अक्का म्हणाल्या. "राहिलास तू एकटा."